काढायच्या की ठेवायच्या?

आमच्या पिढीला 'डायलिसिस' हा शब्द जयप्रकाश नारायण यांच्यामुळे कळला. शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकात 'वृक्क' होते, 'अपोहन'ही कुठेतरी होते, पण ते परीक्षेपुरते. १९७५ च्या नोव्हेंबरात जेपी मुंबईत आले आणि वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत हा नवा शब्द दिसू लागला. कोपऱ्यांत म्हणायचे कारण तो आणीबाणीचा काळ, बातम्यांवर सेन्सॉर. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. शिक्षकांच्या खोलीत हळू आवाजात चर्चा चाले. एका सरांनी विचारले होते, "रक्त बाहेर काढून धुतात म्हणजे नेमके काय करतात हो?" कोणालाच सांगता आले नव्हते.

हकीकत थोडक्यात अशी. २६ जून १९७५ च्या पहाटे जेपींना दिल्लीत गांधी शांती प्रतिष्ठानमधून अटक झाली. कैदेचा बराचसा काळ त्यांना चंडीगडच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयात ठेवले होते. तिथे त्यांची प्रकृती ढासळत गेली. १२ नोव्हेंबरला त्यांना पॅरोलवर सोडले आणि त्याच महिन्यात मुंबईला पेडर रोडवरच्या जसलोक रुग्णालयात आणले. दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे निदान इथे पक्के झाले. डॉ. एम. के. मणी त्यांचे मूत्रपिंडाचे डॉक्टर होते. जेपींचे वय ७३. तेव्हापासून शेवटपर्यंत ते यंत्रावर जगले. कैदेत त्यांच्या दुखण्याकडे दुर्लक्ष झाले का, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. त्यात मी इथे शिरत नाही. मात्र योगायोग असा, की त्याच जसलोकचे उद्घाटन १९७३ साली इंदिराबाईंच्या हस्ते झाले होते.

त्यांच्यासाठी डायलिसिसचे यंत्र घ्यायचे म्हणून लोकवर्गणी सुरू झाली. इंदिराबाईंनी पंतप्रधान मदत निधीतून ९०,००० रुपये पाठवले, ते जेपींनी परत केले. ही गोष्ट मी पुढे वर्गात दरवर्षी सांगत असे. मुलांना ती फार आवडे, कारण ९०,००० रुपये परत करणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसे. (मीही नाही.) त्या यंत्राच्या जोरावर जेपींनी १९७७ ची निवडणूक लढवून घेतली. प्रचाराच्या सभांची आखणी डायलिसिसच्या दिवसांभोवती करावी लागे. मार्च १९७९ मध्ये तर ते जसलोकमध्ये जिवंत असताना पंतप्रधान मोरारजीभाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची बातमी दिली, आकाशवाणीनेही सांगितली. आम्ही शाळेत शोकसभा घेऊन मुलांना घरी सोडले आणि संध्याकाळी कळले की जेपी आहेत! ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्याला ते खरोखर गेले. यंत्रावर जवळजवळ चार वर्षे काढली. त्या काळाच्या मानाने आणि त्या वयाला हे पुष्कळच.

जेपींच्या आजारातून आम्ही सगळ्यांनी एक समजूत करून घेतली. किडनी निकामी झाली, तिचे काम यंत्र करते, म्हणजे पोटातली किडनी आता बिनकामाची. विहिरीला पंप बसवला की रहाट अडगळीत जातो, तसे. ही समजूत मी चाळीस-पंचेचाळीस वर्षे बाळगून होते. ती तपासून बघायची वेळ आली ती माझ्याच पोटावरून प्रश्न आला म्हणून.

मला आनुवंशिक विकार आहे. त्यात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या पिशव्या होतात आणि वर्षानुवर्षे वाढत जातात. डॉक्टर त्यांना सिस्ट म्हणतात. चांगले मूत्रपिंड साधारण दीडशे ग्रॅमचे, मुठीएवढे. या विकारात ते काही किलोंपर्यंत जाऊ शकते. माझी दोन्ही बाजूंना हाताला लागतात. आई-वडिलांपैकी एकाला असले की प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. वडिलांना होते. माझ्यात आले, भावात नाही. माझ्या मुलाच्या सोनोग्राफीत पिशव्या दिसल्या आहेत. गेली दोन वर्षे मी आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिससाठी जाते. आता या वर्षभरात डाव्या बाजूच्या पिशवीत तीनदा रक्तस्राव झाला, एकदा जंतुसंसर्ग होऊन तापाने पंधरा दिवस काढले. मुंबईच्या सर्जनांचे म्हणणे, दोन्ही काढून टाका, कटकट मिटेल. नेफ्रॉलॉजिस्टांचे म्हणणे, थांबून बघू. (थांबून बघण्याची किहीमला परंपरा आहे. १९३० साली सलीम अली इथेच दडून बसून सुगरणींची घरटी बघत होते. पण त्या सुगरणींना रक्तस्राव होत नव्हता.) शेवटी दोघेही म्हणाले, निर्णय तुमचा.

आयुष्यभर इतिहास शिकवला. तेव्हा सवयीने पहिला विचार हा आला, की हा प्रश्न माणसांपुढे आला कधी आणि तेव्हा त्यांनी काय केले?

मूत्रपिंड काढण्याच्या शस्त्रक्रियेची सुरुवात एका निरोगी मूत्रपिंडापासून झाली, हे वाचून मी चकित झाले. त्याआधी १८६१ साली अमेरिकेत मिल्वॉकीला वॉलकॉट नावाच्या सर्जनने यकृताची गाठ समजून मूत्रपिंडच काढले होते. रोगी पंधरा दिवसांत गेला. ठरवून केलेली पहिली शस्त्रक्रिया २ ऑगस्ट १८६९ ची, जर्मनीत हायडेलबर्गला. सर्जन गुस्टाफ सीमोन आणि रुग्ण मार्गारेटा क्लेब, वय ४६. या बाईंच्या आधीच्या एका ऑपरेशनमध्ये डाव्या मूत्रपिंडाकडून येणारी नळी दुखावली होती. मूत्र मूत्राशयात न जाता पोटाच्या जखमेतून आणि योनिमार्गातून सतत झिरपत राही. कपडे ओले, अंगाला वास. त्या काळी अशा बाईचे घरात, शेजारात काय होत असेल ते सांगायला नको. सीमोनने नळी दुरुस्त करायचे प्रयत्न केले, ते फसले. मग उरला एकच मार्ग, मूत्रपिंडच काढायचे. पण एका मूत्रपिंडावर माणूस जगतो का? हे कोणालाच ठाऊक नव्हते. सीमोनने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. एक काढले तरी दुसरे सगळे काम पेलते असे दिसले. मग क्लेबबाईंचे ऑपरेशन केले, चाळीस मिनिटांत. त्या जगल्या, हिंडूफिरू लागल्या.

या गोष्टीत सीमोनचे कौतुक सगळे करतात, ते योग्यच. पण मला राहून राहून त्या बाईंचे वाटते. काढायचे मूत्रपिंड धडधाकट होते. न काढता त्या मेल्या नसत्या. काढल्यावर मरण्याचा धोका मोठा होता, कारण तोवर असे ऑपरेशन ठरवून कोणी केलेलेच नव्हते. तरी त्या टेबलावर चढल्या. रोजचे जगणे इतके असह्य झाले होते. म्हणजे या शस्त्रक्रियेच्या पहिल्याच पानावर 'किडनी चांगली की वाईट' हा प्रश्न नव्हताच. तिच्यासकट जगता येते का, हा होता.

दोन्ही मूत्रपिंडे काढण्याचा विचार मात्र तेव्हा कोणी करूच शकत नव्हते. दोन्ही काढली की काही दिवसांत मृत्यू. त्यासाठी आधी यंत्र हवे होते. ते आले हॉलंडमध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कांपेन गावी, १९४३ साली. विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून रक्त धुण्याचे यंत्र केले. पहिले रुग्ण बहुतेक सगळे दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली, आणि गंमत म्हणजे ती नात्झींना साथ दिल्याबद्दल पकडलेली होती. पण हे यंत्र तात्पुरत्या बिघाडासाठी होते. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, दरवेळी एक वाया जाई. १९६० साली सिअॅटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची टेफ्लॉनची नळी बसवण्याची युक्ती काढली, आणि त्यानंतरच 'कायमचा डायलिसिस' ही गोष्ट अस्तित्वात आली. त्यांचा पहिला रुग्ण अकरा वर्षे जगला. यंत्रे थोडी, रोगी फार, म्हणून तिथे गावातल्या सात जणांची एक समिती नेमली होती. कोणाला यंत्र द्यायचे, म्हणजे कोणी जगायचे, ते ही समिती ठरवी. १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने ते छापल्यावर मोठी खळबळ उडाली.

माझे वडील १९६६ साली किहीमलाच गेले. पोटात दोन्ही बाजूंना गोळे, तोंडाला सूज, शेवटी उचकी आणि गुंगी. डॉक्टर म्हणाले, किडनीची सूज आहे, मीठ बंद करा. आम्ही केले. समिती वगैरे दूरची गोष्ट, असे यंत्र असते हेच आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते. आणि समुद्रापलीकडे मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, वर्षभरच आधी, मे १९६५ मध्ये, भारतातले पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले होते! मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवले होते. तो रुग्ण मूत्रपिंडे निकामी झालेला नव्हता, त्याला मूत्रपिंडाची कर्करोगाची गाठ होती. ते प्रत्यारोपण टिकले नाही. जिवंत दात्याकडून यशस्वी प्रत्यारोपण व्हायला १९७१ साल उजाडले, तेही वेल्लोरला. परंतु हे सारे मी अलीकडे वाचले. किहीमच्या आमच्या पडवीतून रात्री मुंबईचे दिवे दिसत, तेवढाच मुंबईचा आणि आमचा संबंध.

आता मूळ प्रश्नाकडे येते. यंत्र आले, प्रत्यारोपण आले, मग जुन्या मूत्रपिंडांचे काय करायचे?

याचे पहिले उत्तर हेरिक बंधूंच्या गोष्टीत आहे. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवले. (दोघे अगदी एकसारखे जुळे आहेत याची खात्री करायला त्यांचे बोटांचे ठसेसुद्धा पोलिसांकडून तपासून घेतले होते.) नवे मूत्रपिंड लगेच काम करू लागले. पण रिचर्डचा रक्तदाब काही उतरेना. तो उतरला त्याची स्वतःची दोन्ही रोगट मूत्रपिंडे काढल्यावर. म्हणजे रक्त साफ करायचे काम ती सोडून बसली होती, पण रक्तदाब वाढवण्याचा उद्योग मात्र जोरात चालू होता! असे का होते त्याचा माग वीस वर्षे आधी लागला होता. १९३४ साली क्लीव्हलँडला हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी चिमट्याने आवळली, तर कुत्र्याचा रक्तदाब चढला. रक्त कमी पोचले की मूत्रपिंड कासावीस होते आणि रेनिन नावाचे द्रव्य सोडून साऱ्या शरीराचा दाब वाढवते.

रिचर्डने आपल्या नर्सशी लग्न केले आणि आठ वर्षे संसार केला. त्यानंतर साठ-सत्तरच्या दशकांत पुष्कळ मोठ्या रुग्णालयांत रिवाजच पडला. प्रत्यारोपण करायचे तर आधी दोन्ही जुनी मूत्रपिंडे काढायची. रक्तदाबाचे मूळ जाते, जंतुसंसर्गाचे घर जाते, सगळे स्वच्छ. माझे सर्जन आज जे म्हणतात ते मूळचे या काळातले आहे, असे मला वाटते. त्यात अविचार नव्हता. त्या वेळी रक्तदाबाची औषधे दुबळी होती.

पण दोन्ही मूत्रपिंडे काढलेले हे रुग्ण डॉक्टरांना वेगळेच काही शिकवून गेले. ते पांढरेफटक पडू लागले. डायलिसिसवरच्या इतर रुग्णांचेही रक्त कमी असे, पण यांचे फारच. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवावे लागे, आणि चढवलेल्या रक्ताबरोबर कावीळ येई, शरीरात लोह साठे. कारण तेव्हा कागदावर सापडलेले होते. १९५७ साली शिकागोत लिऑन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले होते, की मूत्रपिंडे काढली की रक्त वाढवण्याचा शरीराचा हुकूमच सुटत नाही. हा हुकूम म्हणजे एरिथ्रोपोएटिन, आणि तो मुख्यतः मूत्रपिंडातून सुटतो. निकामी झालेले मूत्रपिंडही तो थोडाथोडा सोडत असते. ते काढले की तेवढेही गेले.

या एरिथ्रोपोएटिनची पुढची कथा तर कादंबरी व्हावी अशी. यूजीन गोल्डवासर या माणसाने ते शुद्ध रूपात मिळवायला वीस वर्षे घालवली. अखेर मियाके नावाच्या जपानी संशोधकाने एका विशिष्ट रक्तक्षयाच्या रुग्णांचे २,५५० लिटर मूत्र जमवून, ते आटवून, त्याची भुकटी जपानी रिवाजाप्रमाणे कापडाच्या बोचक्यात नीट बांधून शिकागोला आणून दिली. त्यातून १९७७ मध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य मिळाले. त्यावरून जनुक सापडले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याचे इंजेक्शन औषध म्हणून मान्य झाले. डायलिसिसला माझ्या शेजारच्या खाटेवर येतात त्या ताईंना हेच इंजेक्शन आठवड्यातून दोनदा लागते. मला फार कमी लागते. मी तंत्रज्ञ मुलाला कारण विचारले, तर तो म्हणाला, "बाई, तुमच्यासारख्या पिशव्यावाल्या किडन्यांत रक्त बरे राहते." नंतर नेफ्रॉलॉजिस्टांनीही दुजोरा दिला. या विकारातली फुगलेली मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन बऱ्यापैकी बनवत राहतात. म्हणजे ज्यांनी मला यंत्रावर आणून बसवले, तीच माझे रक्त टिकवून आहेत.

आणखी एक गोष्ट, दिसायला क्षुल्लक. मला अजून दिवसाला सहाशे-सातशे मिलिलिटर लघवी होते. डायलिसिसवरच्या माणसाला पाण्याचे रेशन असते. लघवी होते तितके, आणि वर साधारण अर्धा लिटर. जेवणातले वरण, आमटी, ताक सगळे त्यात धरायचे. म्हणजे मला आज सव्वा लिटरपर्यंत मुभा आहे. दोन्ही काढली तर अर्धा लिटरवर यायचे. कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यात, घामाने भिजत, अर्धा लिटर! सकाळचा चहा, औषधाचे पाणी, दुपारी वाटीभर सोलकढी, संपला दिवस. हे फक्त तहानेपुरतेही नाही. डायलिसिसवरच्या ज्या रुग्णांना थोडी लघवी टिकून राहते ते जास्त जगतात, असे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक अभ्यासांत दिसले आहे. यंत्र आठवड्यातून बारा तास चालते, मूत्रपिंड, मोडके का असेना, चोवीस तास.

म्हणून ऐंशीच्या दशकापासून दोन्ही सरसकट काढण्याचा रिवाज मागे पडत गेला. रक्तदाबाची चांगली औषधे आली. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले कॅप्टोप्रिल तर ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले, आणि ते थेट गोल्डब्लाटच्या त्या रेनिनच्या साखळीवरच घाव घालते. जे काम चाकूने करावे लागे ते गोळीने होऊ लागले. त्यानंतर मूत्रपिंड काढायचे ते कारण असेल तरच. आमच्या विकारात कारणे ठरलेली आहेत. थांबत नसलेला रक्तस्राव, पुन्हापुन्हा होणारा जंतुसंसर्ग, सोसवत नाही असे दुखणे, गाठीचा संशय, किंवा नवे मूत्रपिंड बसवायला पोटात जागाच नसणे. पैकी शेवटचे मला लागू नाही. पंचाहत्तरीला मी कोणाचे मूत्रपिंड घेणार नाही, ते एखाद्या तरुणाला जावे. पहिली दोन लागू आहेत, पण फक्त डाव्या बाजूला.

हे मी मुलाला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "आई, तू अभ्यास कसला करत बसलीस? दोन्ही काढ, एकदाच काय ते होऊन जाऊ दे." त्याचा स्वर मला कळतो. तो पंचेचाळिशीचा आहे आणि माझ्या पोटात त्याला स्वतःची वीस वर्षांनंतरची सोनोग्राफी दिसते. त्याला ही गोष्ट संपवून टाकायची आहे. मी त्याला म्हटले, "तुझ्या वेळेला औषधे असतील रे. पिशव्या वाढण्याचा वेग कमी करणारे एक औषध अमेरिकेत २०१८ साली मान्यही झाले, तुझ्या डॉक्टरांना विचार." त्याने विचारतो म्हटले. विचारलेले नाही.

ऑपरेशनच्या भीतीबद्दलही सांगते, नाहीतर मी फार धीट आहे असे वाटेल. माझ्या मनात जुने चित्र होते, बरगडीखाली वीतभर चीर आणि दोन महिने अंथरूण. ते आता तसेच राहिलेले नाही. २५ जून १९९० रोजी अमेरिकेत सेंट लुईस इथे राल्फ क्लेमन यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून मूत्रपिंड काढले. ती रुग्ण ८५ वर्षांची होती. जवळजवळ सात तास लागले, पण बाई बऱ्या झाल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या! आमच्या विकारात पिशव्यांतले पाणी काढून मूत्रपिंड लहान करतात, मग बेंबीखाली छोटी चीर देऊन बाहेर घेतात. तरीही भूल आहे, हृदय आहे, रक्तस्राव आहे. जपानमध्ये न कापता, मूत्रपिंडाची रक्तवाहिनीच आतून तारेच्या गुंडाळ्यांनी बंद करतात, मग ते हळूहळू आक्रसत जाते. तोही पर्याय मी विचारला. सर्जन म्हणाले, इकडे अनुभव कमी, आणि संसर्ग होऊन गेलेल्या बाजूला मी ते सुचवणार नाही. हे उत्तर मला पटले.

खर्चाचा प्रश्न पूर्वीच्या मानाने सोपा झाला आहे, हेही नोंदवायला हवे. जेपींसाठी देशाने वर्गणी काढली. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली ती पहिल्या टप्प्यात आठच जिल्ह्यांत, आणि त्यात आमचा रायगड होता. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. २०१६ मध्ये केंद्राने जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. माझ्याबरोबर यंत्रावर कोळीवाड्यातले एक आजोबा असतात, आणि एक रिक्षावाला. सत्तर साली यांतले कोणी वाचले नसते. मीही नाही.

तर मी ठरवले ते असे. डावी काढायची, उजवी ठेवायची. सर्जनना हे अर्धवट वाटले. "वर्षभराने उजवीनेही त्रास दिला तर पुन्हा टेबलावर यावे लागेल, बाई," ते म्हणाले. खरे आहे. पंचाहत्तरीला एक भूल आणि शहात्तरीला दुसरी, यात धोका आहे. मी म्हटले, उजवीने अजून काही केलेले नाही. जिने रक्त टिकवले, जी दोन वाट्या सोलकढी प्यायला देते, तिला डावीच्या गुन्ह्यासाठी शिक्षा कशाला? ते हसले आणि म्हणाले, ठीक आहे, पण आधी मोजून बघू. कारण सहाशे-सातशे मिलिलिटरांत डावीचा वाटा किती आणि उजवीचा किती, ते कोणालाच ठाऊक नाही. स्कॅन करतात, पण इतक्या थकलेल्या मूत्रपिंडांचे चित्र पुसट येते. सगळी लघवी डावीच करत असेल तर माझा हिशेबच उलटायचा. त्याला इलाज नाही. जंतुसंसर्ग तिच्यात आहे, त्यामुळे ती जाणारच.

तारीख दिवाळीनंतरची घेतली आहे. पावसाळ्यात मांडव्याच्या बोटींचा भरवसा नसतो आणि गणपतीत मुलगा-सून येतात, घर भरलेले असते. तोवर रक्तस्राव झाला तर मात्र लगेच जायचे, बॅग भरून ठेवली आहे. तूर्त चोवीस तासांची लघवी साठवून तपासायला द्यायची आहे. त्यासाठी प्रयोगशाळेतून पाच लिटरचा पांढरा कॅन दिलाय, तो न्हाणीघरात ठेवला आहे. रविवारी सकाळी सहाला पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून मोजायला सुरुवात, आणि सोमवारी सहाची धरून बंद. सोमवारी डायलिसिस आहेच, जाताना कॅन घेऊन जाईन.